दाराच्या आतली बाजू

मी नाटकाला जाते ती मुख्यतः कॉफीसाठी. आमच्या वाचनमंडळातल्या निम्म्या लोकांचं तेच आहे, पण कबूल करायला त्यांची जीभ रेटत नाही. मला कसली लाज? नाट्यगृहात शिरलं की आधी ओव्हरकोट जमा करायचा, मग काउंटरवर जाऊन मध्यंतराची कॉफी सांगून ठेवायची, सोबत केक हवा की वेलदोड्याचा बन ते ठरवायचं आणि नाव लिहून द्यायचं. मध्यंतराला बाहेर आलं की आपल्या नावाची चिठ्ठी लावलेलं टेबल तयार. कप भरलेला, केक कापलेला. जन्मभर दुसऱ्यांसाठी कॉफी ओतत आलेल्या बाईला ह्याहून मोठं सुख कुठलं नाटक देणार आहे?

पण त्या शनिवारी माझं कॉफीत लक्ष नव्हतं. शेजारी ताइमी बसली होती आणि समोर तिच्याच मुलीचं, विर्पीचं नाटक व्हायचं होतं.

विर्पी नाटकं लिहिते आणि बसवते. वीस-बावीस वर्षं झाली. पेपरात फोटो येतो, रेडिओवर बोलते. ताइमीने मात्र तिचं एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. आधी गाई होत्या, मग गुडघा आला, मग बर्फ फार पडलं, मग कालेर्वोचं, म्हणजे नवऱ्याचं, आजारपण निघालं. कालेर्वो जाऊन आता दोन वर्षं झाली. गाई त्याच्याही आधी विकल्या. गुडघा नवा बसवून घेतला. थोडक्यात, कारणं संपली.

आदल्या आठवड्यात विर्पीचा फोन आला तेव्हा मी ताइमीच्याच स्वयंपाकघरात होते. ताइमीला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिचा फोन अख्ख्या घराला ऐकू जातो. मी काय कान बंद करून बसू?

“आई, एकच मागते,” विर्पी म्हणाली. “शेवटपर्यंत बस. नाही आवडलं तर नाही म्हण, एक शब्द न बोलता घरी गेलीस तरी चालेल. पण मधेच उठू नकोस.”

“उठेन कशाला?” ताइमी म्हणाली, आणि फोन ठेवून घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली.

बसमध्ये आउलिक्कीबाईंनी माइक हातात घेतला. त्या आमच्या गावच्या शाळेत शिकवायच्या. निवृत्त होऊन जमाना झाला, पण तीस माणसं ओळीने बसलेली दिसली की त्यांना शिकवायची उबळ येतेच. नाटक ज्या कादंबरीवरून केलं होतं ती आमच्याच तुओमिवारा गावची, गावच्याच एका जुन्या मास्तरांनी लिहिलेली, अठराशे अडुसष्टच्या दुष्काळावर. माणसं झाडाची साल दळून भाकरी करत होती आणि उत्तरेकडून भुकेल्यांचे तांडे बर्फ तुडवत खाली येत होते, तो काळ. त्यातलं एक पान आमच्या गावात लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. दारावर थाप पडते, घरधनी उघडू नको म्हणतो, तरी त्याची बायको दार उघडते आणि स्वतःच्या पोरांच्या तोंडची भाकरी त्या अनोळखी मुलीच्या हातात ठेवते. शाळेत ते आम्हाला उभं राहून म्हणायला लावायचे. गावच्या सभागृहात भिंतीवर ते कोरलेलं आहे. परगावचं कुणी भेटलं की आम्ही अजून ऐकवतो, दुष्काळात तुओमिवारात कुणाचंही दार बंद झालं नाही.

“कादंबरी अडीचशे पानांची आहे,” आउलिक्कीबाई माइकमधून म्हणाल्या, “आणि नाटक दोन तासांचं. तेव्हा काही ना काही गाळलेलं असणार. पण मूळ गाभ्याला हात लागला असेल तर आपण बोललं पाहिजे. गप्प बसायचं नाही.”

“माझ्या घंटावाल्याला हात लागला नसला म्हणजे झालं,” मागून उर्पो ओरडला. उर्पो म्हणजे मंडळातला एकुलता एक पुरुष. बायको गेल्यापासून पुस्तकं वाचतो. कादंबरीत चर्चची घंटा वाजवणारा एक दारुडा म्हातारा आहे, त्याच्यावर उर्पोचा फार जीव.

“तुझा घंटावाला राहो न राहो, तू झोपणारच आहेस,” मी म्हटलं.

“झोपतो, पण कॉफीला वेळेवर उठतो,” उर्पो म्हणाला आणि बस हसली. ताइमी तेवढी खिडकीबाहेर बघत होती. अंगात चर्चला घालायचा निळा ड्रेस होता. सकाळी केसही सेट करून आली होती. मी म्हटलं, छान दिसतेस. ती म्हणाली, गप ग.

पहिला भाग वाईट नव्हता. आमच्याकडे ह्याहून मोठी स्तुती नसते. रंगमंचावर बर्फ नव्हतं, काही नव्हतं, नुसते राखाडी पडदे आणि चालणारी माणसं, पण मला माझ्या पायांना गारठा जाणवला. घंटावाला गाळला होता. उर्पोने मोठ्याने सुस्कारा टाकला आणि डोळे मिटले. ताइमी ताठ बसून होती. मधूनमधून तिच्या तोंडावर असं काही दिसायचं की मला वाटलं, चला, पोरीचं काम आईला कळतंय. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

मग रंगमंचावर दार आलं. एकटंच दार, भिंत नाही, घर नाही. त्याची बाहेरची बाजू आमच्याकडे. फाटक्या शालीतली एक मुलगी चालत आली आणि तिने थाप मारली. आमच्या रांगेत सगळ्यांचे ओठ हलायला लागले, ते पान पाठ ना. आता बाई येणार, दार उघडणार.

आतून पुरुषाचा आवाज आला, “उघडू नकोस.”

मुलीने पुन्हा थाप मारली. दाराच्या फटीत दिसणारी कडी जराशी उचलली गेली. तशीच थांबली. आणि मग हळूच खाली बसली. दार काही उघडलं नाही. मुलगी थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली.

ते दार कुठलं ते मला एका क्षणात कळलं.

विर्पी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नर्सिंगचा कोर्स अर्ध्यात सोडून ती गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक मंडळीत गेली होती. कालेर्वोला ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं, आणि कालेर्वोचा राग म्हणजे काय चीज होती हे आम्ही शेजाऱ्यांनी पाहिलेलं आहे. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी पोर स्वतः सांगायला म्हणून शेवटच्या बसने आली. दार उघडलं नाही. ती बर्फातून माझ्याकडे आली, मी तिला गरम दूध दिलं, मागच्या खोलीत अंथरूण घातलं, आणि सकाळी ती दुधाच्या गाडीतून निघून गेली. पुढे ती घरी यायला लागली, नाताळला फोन करायला लागली, ताइमीच्या टेबलाशी बसून हवापाण्याचं बोलायला लागली. पण त्या संध्याकाळचा शब्द कुणी काढला नाही. मीही नाही. शेजारीण आहे मी, पोलीस नाही.

रंगमंचावर अंधार झाला. आवाज नाही, काही नाही. मग आमच्याच डोक्यावरचे दिवे लागले, सगळं प्रेक्षागृह उजळलं, आणि नाटकातली ती सगळी उपाशी माणसं पुढे येऊन ओळीने उभी राहिली आणि आमच्याकडे बघायला लागली.

ताइमी उठली.

ती उठली आणि गुडघ्यांशी अडखळत रांगेतून बाहेर पडायला लागली. आउलिक्कीबाईंनी पाहिलं. उर्पोने डोळे उघडून पाहिलं. दिवे लागलेत, नाटक जिचं तिची आईच उठलीय, तिला माहीत असणारच, म्हणजे मध्यंतर! अहो, कळप उठावा तशी तीसच्या तीस माणसं उठली. तुओमिवाराच्या दोन्ही रांगा रिकाम्या झाल्या. कॉफी गार होते ना! मी म्हणत होते, थांबा, थांबा, टाळ्या कुठे वाजल्या, पण माझं ऐकतो कोण? आणि ताइमीला एकटी सोडवेना म्हणून मीही निघाले. दाराशी पोचल्यावर मागे वळून बघितलं. ती उपाशी माणसं तशीच उभी होती आणि आम्हाला केक खायला जाताना बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

बाहेर टेबलं मांडलेली होती, पण कपांवर अजून बशा पालथ्या घातलेल्या. वाढणारी बाई किटली हातात धरून आमच्याकडे बघतच राहिली. आमच्या लोकांना त्याचं काय? चिठ्ठ्या शोधल्या, खुर्च्या ओढल्या, आणि तोंडं सुटली.

“हे पुस्तकात नाही!” आउलिक्कीबाईंनी टेबलावर हात आपटला. “दार बंद! कुठल्या पानावर आहे दार बंद? दाखवा मला.”

“घंटावाला उडवला ते नाही दिसलं तुम्हाला,” उर्पो केकचा घास घेत म्हणाला.

“तुझ्या दारुड्याचं काय घेऊन बसलास! गावाची अब्रू गेली इथे. परक्या गावचे लोक बसलेत आत. त्यांना काय वाटेल? तुओमिवाराने भुकेल्या पोरीला बर्फात घालवून दिलं?”

“दिलंही असेल एखाद्याने,” मी म्हटलं. “दुष्काळ होता बाई, लग्नसराई नव्हती.”

“राइली, तू पुस्तक नीट वाचलेलंच नाहीस.”

“वाचलंय. तुमच्यासारखं उभं राहून वाचलं नाही एवढंच.”

बाकीच्या बायकाही पेटल्या. एक म्हणाली, हल्लीचे लोक सगळंच काळं करून दाखवतात. दुसरी म्हणाली, पण ती फाटक्या शालीतली मुलगी काय गुणी आहे, माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. तिसरी म्हणाली, पाणी आलं ना, मग नाटक चांगलंच. आउलिक्कीबाई म्हणाल्या, कांद्यानेही येतं. मी ऐकत होते, पण माझं लक्ष ताइमीकडे होतं. तिच्या नावाच्या चिठ्ठीपुढची खुर्ची रिकामी होती.

तेवढ्यात प्रेक्षागृहाच्या दारावर तिकिटं बघणारी बाई आली. फार नम्र होती बिचारी. “माफ करा, काही अडचण झाली का? मध्यंतराला अजून वेळ आहे. आत नाटक चालू आहे.”

उर्पोचा घास तोंडातच राहिला.

“मग आम्ही आत जातो,” आउलिक्कीबाई उठल्या. कानापर्यंत लाल झाल्या होत्या.

“आता नाही सोडता येणार. मध्यंतरानंतरच.”

तीस माणसं, त्यांतली निम्मी पांढऱ्या केसांची, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखी गप्प बसली. काहींनी केक बशीने झाकून ठेवले. मी ताइमीला शोधायला गेले.

ती कोट ठेवायच्या खोलीत, आमच्याच कोटांच्या रांगेमागे उभी होती. स्वतःचा कोट काढून हातात घेतलेला, पण अंगात घातलेला नव्हता.

“बसमध्ये जाऊन बसते,” ती म्हणाली.

“वेडी आहेस का? बसला कुलूप आहे.”

“तिने सगळ्यांसमोर मांडलं, राइली.”

“कुणाला कळलंय? आउलिक्कीला वाटतंय गावाची बदनामी झाली. उर्पोला वाटतंय घंटावाल्याचा खून झाला.”

“तुला कळलं.”

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने तो विषय काढला होता, आणि तोही कोटांच्या मागे. मी तिच्या हातातला कोट घेतला आणि पुन्हा अडकवला.

“तिला वाटतं मी कालेर्वोचं ऐकून आत गप्प बसून होते,” ताइमी म्हणाली. “खुर्चीत. किंवा झोपले होते. तसं नव्हतं ग. दाराशी होते मी. हात कडीवर होता माझा. तो नुसता म्हणाला, ‘ताइमी.’ ओरडलाही नाही. आणि माझा हात...” तिने आपल्याच हाताकडे बघितलं, जणू अजून रागच होता त्या हाताचा. “आता ती म्हणेल, आई अर्ध्यातून उठून गेली. एकच मागितलं होतं पोरीने.”

“ताइमी, ती कडी हलली ते तू पाहिलंस का?”

“कसली कडी? तो आवाज ऐकला आणि मी वर बघितलंच नाही.”

मी सांगणार होते. पण तेवढ्यात आतून टाळ्या ऐकू आल्या, दारं उघडली आणि लोकांचा लोंढा बाहेर आला. खरं मध्यंतर झालं. लोक आमच्या टेबलांकडे बघून आपसात कुजबुजत होते. एक बाई तर मोठ्याने म्हणाली, “हेच ते, निषेध करून उठलेले.” निषेध! आमच्या उर्पोच्या मिशीला क्रीम लागलेलं होतं.

मी ताइमीला ओढतच टेबलाशी आणलं. आणि जिन्यावरून विर्पी खाली आली. काळा स्वेटर, केस कसेही बांधलेले, तोंड पांढरंफटक. पंचेचाळिशीची बाई, पण मला ती माझ्या मागच्या खोलीतली पोरच दिसली. ती आमच्या टेबलाशी येऊन थांबली आणि आईकडे न बघता आउलिक्कीबाईंना म्हणाली, “काय झालं?”

“आम्हाला वाटलं मध्यंतर,” आउलिक्कीबाई म्हणाल्या.

“तीस जण. एकदम. माझ्या नटांना वाटलं तुम्ही निषेध केलात.”

“निषेध कसला पोरी,” उर्पो म्हणाला, “आम्ही कॉफीला उठलो.”

विर्पी हसली, पण ते हसू पुरं झालं नाही. “कॉफीला,” ती म्हणाली. “दुष्काळात.”

“चुकलंच आमचं,” आउलिक्कीबाई म्हणाल्या. बाईंच्या तोंडून हे ऐकायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण त्या आउलिक्कीबाई होत्या, तेवढ्यावर कशा थांबतील? “मात्र एक विचारल्याशिवाय राहवत नाही, विर्पी. तू गावची मुलगी. माझ्या वर्गात तू ते पान म्हणून दाखवलंयस. आमच्या गावात दार उघडलं गेलं. दार बंद ठेवणारी ही बाई तू आणलीस कुठून? कुठल्या घरची ती?”

विर्पीने एकदाच, अगदी ओझरतं, आईकडे पाहिलं.

“कुठल्याच नाही,” ती म्हणाली. “मनाने लिहिली मी.”

“मनाने! गावाचं नाव घालून?”

“माझी चूक म्हणा. मी बदलला प्रसंग. लेखकाला करता येतं तसं.”

“येत असेल, पण खऱ्या माणसांना असा कलंक—”

“माझ्या घरची,” ताइमी म्हणाली.

ताइमीचा आवाज मुळात बारीक. तिने चर्चमध्येसुद्धा कधी मोठ्याने गाणं म्हटलेलं नाही. आउलिक्कीबाईंना वाटलं ती कपाबद्दल काही म्हणतेय. “काय म्हणालीस?”

“ती बाई माझ्या घरची. मीच ती.” ताइमी टेबलाची कड धरून उभी होती. “ही दारात उभी होती, बर्फात, फेब्रुवारीत, आणि मी दार उघडलं नाही. माझ्या स्वतःच्या मुलीला. तुओमिवारात दार बंद झालं, आउलिक्की. मी बंद ठेवलं. आता पोरीला बोलू नकोस.”

आमच्या गावात अशा गोष्टी माणसं कबरीत घेऊन जातात, आणि ही बाई परक्या शहरात केकच्या टेबलाशी उभी राहून बोलली. मला रडू आलं. मी लपवलं नाही. आउलिक्कीबाई हळूच खुर्चीत बसल्या.

विर्पी आईजवळ आली. “कडी हलली होती, आई.”

“काय?”

“त्या दिवशी. मी बाहेरून, फटीतून पाहिलं. कडी वर उचलली गेली आणि तशीच थांबली. म्हणजे तू दाराशी होतीस हे मला तेव्हाच कळलं. मी इतकी वर्षं ती कडीच बघतेय. पण आत काय चाललं होतं ते मला कधीच कळलं नाही. तुला विचारायची हिंमत झाली नाही. म्हणून लिहिलं.” तिने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं. “दुसरा भाग तोच आहे. दाराच्या आतली बाजू. अंदाजाने लिहिलीय. खरी आहे की खोटी ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. म्हणून म्हटलं होतं, शेवटपर्यंत बस.”

ताइमीने विर्पीच्या स्वेटरवरचा कसलासा धागा उचलून टाकला. “बसते,” ती म्हणाली. “चल.”

घंटा झाली. आम्ही आत गेलो, आणि कसे गेलो म्हणून सांगू, पाय न वाजवता. उर्पोने आपली खुर्ची विर्पीला दिली आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसला. माझ्या एका बाजूला ताइमी, तिच्यापलीकडे विर्पी.

पडदा वर गेला तेव्हा दार फिरलेलं होतं. आता घर आमच्या बाजूला होतं. टेबलाशी पाठमोरा पुरुष. चुलीशी झोपलेली मुलं. आणि दाराशी अनवाणी उभी असलेली बाई, हात कडीवर. बाहेरून थाप पडली. तीच थाप, मघाशी आम्ही बाहेर उभं राहून ऐकलेली.

“उघडू नकोस,” पुरुष म्हणाला. मान न वळवता.

बाईने कडी उचलली. दुसरी थाप पडली. बाई तशीच उभी. पुढे काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं, मघाशी पाहिलेलंच होतं. तरी श्वास कुणाचा सुटत नव्हता.

“उघड ग!” ताइमी म्हणाली.

मोठ्याने. तिसऱ्या रांगेपासून वरच्या बाल्कनीपर्यंत ऐकू गेलं असेल. माणसं माना वळवून बघायला लागली. रंगमंचावरची बाई दचकली, क्षणभर आमच्या दिशेने तिची मान वळली. मग ती पुन्हा दाराकडे बघायला लागली.

“ती नाही उघडू शकत, आई,” विर्पी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली.

“ठाऊक आहे मला.” ताइमीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि तिने ते पुसलं नाही. “तरी उघडायला हवं होतं. हवं होतं ग उघडायला.”

बाहेरची पावलं दूर गेली. बाईने कडी सोडली आणि ती दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. दिवा मंद होत गेला. माझ्या मागे आउलिक्कीबाई नाक शिंकरत होत्या.

ताइमी मान हलवत होती. “नाही,” ती म्हणाली. “असं नाही.”

“काय असं नाही?”

“खाली बसले नव्हते मी. उजाडेपर्यंत उभी होते. म्हटलं, पुन्हा आलीस तर.”

विर्पीने वळून आईकडे बघितलं.

“उद्यापासून ती उभी राहील,” ती म्हणाली, आणि आईचा हात हातात घेतला.